खोक्यातला कागद: औषध, बियाणं, मोटार आणि मळणी यंत्राच्या माहितीपत्रकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शेती अवजारांच्या वापर-पुस्तिका मराठीत लिहितो. खालचे प्रश्न वर्धा, यवतमाळ आणि अमरावतीकडच्या शेतकऱ्यांनी, कृषी केंद्रवाल्यांनी आणि तालुक्याच्या गावी अवजारं बनवणाऱ्या मिस्त्रींनी वेळोवेळी विचारलेले आहेत. फवारणीच्या औषधाचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात, म्हणून ते आधी घेतले आहेत.

दुकानदार तोंडी सांगतोच की सगळं. मग कागद कशाला वाचायचा?

कारण कीटकनाशकाचा कागद कंपनीने आपल्या मनाने छापलेला नसतो. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. त्यांनुसार औषधाची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते आणि लेबल व पत्रकाचा मजकूरही तिथूनच मंजूर होऊन येतो. कोणतं पीक, कोणती कीड, किती मात्रा, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, विषावरचा उतारा, रिकाम्या डब्याचं काय करायचं, हे सगळं त्यात असावंच लागतं. पत्रक नसलेला डबा म्हणजे अर्धाच माल.

दुकानदार वाईट असतो असं नाही. पण तो एका दमात चार गिऱ्हाइकांना चार औषधं सांगतो आणि बांधावर पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलं जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. त्या वर्षी पराटी (कपाशी) डोक्याबरोबर वाढलेली होती आणि मारलेला फवारा अंगावरच येत होता. त्यानंतर यवतमाळसह अमरावती विभागात मोनोक्रोटोफॉस, फिप्रोनिल, डायफेन्थियुरॉन यांसारख्या पाच औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदी आली. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ करून फवारणी, या सूचना पत्रकांत तेव्हाही होत्या. पत्रक मात्र दुकानातल्या खोक्यातच राहत होतं.

“पंपाले किती टाकू, एवढंच सांगा ना भाऊ.”

हा प्रश्न रास्त आहे, कारण लेबलवर पंप नावाचं मापच नसतं. तिथे हेक्टरी मात्रा आणि हेक्टरी पाणी असतं. हिशेब असा करायचा. समजा लेबलवर हेक्टरी २५० ग्रॅम औषध आणि ५०० लिटर पाणी लिहिलंय. म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम आणि १५ लिटरच्या पंपाला साडेसात ग्रॅम. हेक्टरचे ढोबळमानाने अडीच एकर धरले, तर एकराला १०० ग्रॅम औषध आणि २०० लिटर पाणी लागेल, म्हणजे तेरा-साडेतेरा पंप.

आता खरी मेख इथे आहे. बरेच जण एकराला सात-आठ पंपच मारतात. मग एकरी औषध निम्मंच पडतं, कीड मरत नाही, आणि पुढच्या वेळी माणूस पंपात दुप्पट ओततो. त्याने द्रावण तीव्र होतं आणि फवारणाऱ्याच्या अंगावर दुप्पट विष येतं. चूक मात्रेत नसते, चालण्याच्या वेगात आणि नोझलमध्ये असते. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा निघतो. हातपंपाचं माप त्याला लावू नका आणि त्याचं हातपंपाला तर मुळीच नको.

झाकणाने मोजू नका. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. मोजपात्र दहा-वीस रुपयांत मिळतं.

डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग काय सांगतात?

लेबलवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि तो मधोमध कापून दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणात रंग असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा मध्यम, हिरवा सगळ्यात कमी. वरच्या त्रिकोणात शब्द किंवा चिन्ह असतं. कवटी आणि हाडं फक्त लालवर दिसतात. पिवळ्यावर कवटी नसते, पण ‘विष’ हा शब्द लाल अक्षरांत असतो. कवटी नाही म्हणून पिवळ्याला सौम्य समजणारे बरेच भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे रंग प्रयोगशाळेत जनावरांवर काढलेल्या घातक मात्रेवरून ठरतात. तोंडावाटे गेल्यास शरीराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा घातक ठरली तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे रंग एका दणक्यातल्या विषाबद्दल बोलतो. आठ दिवस रोज उघड्या अंगाने फवारल्यावर काय होईल, किंवा तीन औषधं एकत्र केल्यावर काय होईल, ते रंग सांगत नाही. आणि लेबलवर ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असं काही छापायला नियमानेच मनाई आहे. तसं छापलेलं दिसलं तर तो डबा घेऊ नका.

लेबल क्लेम म्हणजे काय?

मंजूर पीक आणि मंजूर कीड यांची जोडी. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी मंजूर झालेलं औषध वांग्यावरच्या शेंडेअळीला मंजूर असेलच असं नाही. त्याच तक्त्यात शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही असतं. भाजीपाल्यावाल्यांनी हा रकाना आधी बघावा. मिरची परवा तोडायची आणि आज फवारायचं, हे कोणत्याही पत्रकात बसत नाही.

दुकानात बनणारं ‘कॉकटेल’, म्हणजे एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि वर विद्राव्य खत, हे कोणत्याच लेबलवर नसतं. त्यामुळे पीक करपलं तर प्रत्येक कंपनी दुसरीकडे बोट दाखवते, आणि कागदानुसार तिचं खरंही असतं.

फवारताना कोणाला भोवळ आली, उलट्या झाल्या तर कागदाचा काय उपयोग?

दवाखान्यात सगळ्यात आधी तोच लागतो. “फवारा मारत होता” एवढ्यावरून डॉक्टरांना विष कळत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर ॲट्रोपिन देतात, दुसऱ्या गटातलं असेल तर उपचाराची दिशाच बदलते. काही औषधांना ठराविक उतारा नसतो आणि पत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

माणसाला वावरातून बाहेर सावलीत आणा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि सोबत डबा व पत्रक घेऊन निघा. पत्रकात सांगितलेलं नसेल तर उलटी करवू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा फोन १८०० ११६ ११७ आहे. तो डॉक्टरांनाही लावता येतो. फवारणीला निघायच्या आधी लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या एका माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. डबा वावरात आणि पेशंट दवाखान्यात, हा घोळ त्याने टळतो.

कृषी केंद्रवाला डब्यातून सुट्टं औषध देतो. चालतं का?

नाही. पॅकिंग आणि लेबलशिवाय कीटकनाशक विकायला मनाई आहे. शीतपेयाच्या बाटलीत आणलेलं औषध घरात पोरं तोंडाला लावतात, हे वेगळं सांगायला नको.

बियाण्याच्या पिशवीला दोन-दोन टॅग का असतात?

निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा. आपल्याकडे तो देणारी महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा अकोल्याला आहे. फिक्कट हिरवं लेबल उत्पादकाचं स्वतःचं असतं. उगवण इतकी, शुद्धता इतकी, हे कंपनी आपल्या जबाबदारीवर सांगते. प्रमाणित पिशवीला दोन्ही असतात. सत्यप्रत, म्हणजे फक्त कंपनीच्या जबाबदारीवर विकल्या जाणाऱ्या बियाण्याला नुसतं हिरवं, आणि संकरित कपाशीचा बराचसा बाजार त्यावरच चालतो. पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा, पैदासकाराचा सोनेरी पिवळा.

टॅगवर दोन गोष्टी बघा: उगवणशक्तीचा टक्का आणि तपासणीची तारीख. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. साठवणीत, पोत्यांच्या आदळआपटीत सोयाबीनची उगवण इतर बियाण्यांपेक्षा लवकर घसरते. म्हणून टॅगवर ७० असलं तरी पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे घालून बघा. टॅग त्या तपासणीच्या दिवसाचं खरं सांगतो, जूनमधल्या गोदामाचं नाही.

बियाणं उगवलं नाही तर?

पिशवी, टॅग, पावती आणि उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याची समिती येऊन पंचनामा करते. पेरलेलं मोडून दुबार पेरणी करायची घाई सगळ्यांनाच असते, पण पंचनाम्याआधी निदान एक पट्टा तसाच राहू द्या. बियाणं उरलं नाही म्हणून दावा बुडत नाही. राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे की शेतकरी हा ग्राहक आहे आणि तपासणीसाठी त्याने बियाणं राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही.

पाण्याच्या मोटारीची प्लेट कशी वाचायची?

आधी तिचा फोटो काढा, कारण मोटार बोअरमध्ये दोनशे फूट खाली गेली की प्लेट वाचता येत नाही आणि वॉरंटीला नेमका सिरियल नंबरच मागतात.

प्लेटवर किलोवॅट किंवा एचपी असतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. त्यापेक्षा महत्त्वाचा आकडा ‘हेड’चा, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो त्याचा. तो मीटरमध्ये आणि एका पल्ल्यात दिलेला असतो. आपण फुटात बोलतो, म्हणून दोनशे फूट म्हणजे ६१ मीटर असा बदल करून घ्या. खोल बोअरसाठीचा पंप चाळीस फुटांच्या विहिरीवर बसवला तर पाणी धो-धो येतं आणि सगळे खूश होतात. पण पंप आपल्या पल्ल्याबाहेर चालत असतो, मोटार जास्त अँपिअर खेचते आणि महिनाभरात जळते.

मग व्होल्टेज. सबमर्सिबल पंपसेटचं भारतीय मानक आयएस ८०३४ आणि त्याच्या मोटारीचं आयएस ९२८३. त्यांत ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा १५ टक्के कमी आणि ६ टक्के जास्त इतकी सूट धरलेली आहे. ४१५ व्होल्टच्या मोटारीला हे साधारण ३५३ ते ४४० होतात. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड वाढला की आपल्याकडे काटा कुठे जातो ते सांगायला नको. वॉरंटी नाकारताना कंपनी हेच कारण पुढे करते. म्हणून स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर असावा, आणि काटा खाली गेलेला असताना त्याचा तारीख-वेळेसह फोटो असावा. तो फोटो कंपनीला दाखवण्यापेक्षा वीज कार्यालयातल्या तक्रारीला जास्त कामाचा आहे.

पाण्याने भरायची मोटार असेल तर सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरा, असं प्रत्येक पुस्तिकेत असतं. गडबडीत नेमकं तेच राहून जातं.

पुस्तिका इंग्रजीतच आहे. मराठीत मागता येते का?

कीटकनाशकाच्या बाबतीत हक्काने मागा. लेबल हिंदी, इंग्रजी आणि माल जिथे विकला जातो तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत असावं लागतं. बाकी मालाच्या पाकिटावर किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता ही सक्तीची माहिती हिंदी किंवा इंग्रजीत दिली तरी वजनमापाचा नियम पाळला जातो. मोटारी-यंत्रांच्या पुस्तिका म्हणूनच मागितल्याशिवाय मराठीत येत नाहीत. ट्रॅक्टरवाल्या मोठ्या कंपन्यांकडे मराठी प्रत बहुतेक असते. शोरूममध्ये कपाटात पडलेली असते. डिलिव्हरीच्या दिवशीच मागा, हार घालून फोटो काढायच्या आधी.

आता पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड देतात. वावरात रेंज नसते.

घरी असताना स्कॅन करून फाइल फोनमध्ये उतरवून ठेवा. सुरक्षेच्या सूचना मात्र यंत्रावर चिकटवलेल्याच असाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पट्ट्यात शर्टाची बाही अडकल्यावर कोणी स्कॅन करत नाही.

आयएसआय खरा की खोटा?

शिक्क्याच्या वर आयएस क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी, चालू आहे की संपला, ते दिसतं. वायरीचा परवाना दाखवून कोणी स्टार्टर विकत असेल तर तेही तिथेच उघडं पडतं.

थ्रेशरवर “हात घालू नये” असं लिहिलंय. एवढ्याने कंपनी सुटते का?

सुटू नये. यंत्र-सुरक्षेचं मूळ मानक आहे आयएसओ १२१००. भारतात ते आयएस १६८१९ म्हणून घेतलं आहे. त्यात धोका कमी करण्याच्या तीन पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. आधी यंत्राची रचनाच अशी करा की धोका उरणार नाही. उरलाच तर त्यावर झाकण, जाळी, संरक्षण बसवा. तरीही जो उरेल त्याचीच सूचना लिहा. आपल्या बाजारात हा क्रम उलटा चालतो: आधी स्टिकर, आणि झाकण “मागितलं तर देतो”.

मळणी यंत्राचंच घ्या. मळणी यंत्रांवर माणसांचे हात जात होते, त्यामुळेच १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा आला. यंत्राच्या सुरक्षेला आयएस ९०२० आणि माल सोडायच्या ट्रेला आयएस ९१२९ आहे. ट्रे किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला ड्रमकडचा ४५ सेंटिमीटरचा भाग वरून झाकलेला. ही मापं कुठून आली ते ट्रेसमोर उभं राहून हात लांब केला की कळतं: माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. आता गावात येणाऱ्या भाड्याच्या मशीनला टेप लावून बघा. ट्रे आखूड, वरचं झाकण ‘माल अडकतो’ म्हणून गॅसने कापलेलं, आणि बाजूला कवटीचं चकचकीत स्टिकर. ओली तूर असली की मजूर हाताने रेटतो. तिथे कोणतीही पुस्तिका उपयोगाची नाही, ट्रे लागतो.

ट्रॅक्टर आणि अवजारांची सरकारी चाचणी मध्य प्रदेशात बुदनीच्या संस्थेत होते. तिथल्या अहवालात यंत्राबरोबर दिलेल्या पुस्तिकांवरही शेरा असतो. मोठी खरेदी करताना विक्रेत्याकडे तो अहवाल मागा.

माझं वर्कशॉप आहे, वर्षाला थोडीच मशीनं निघतात. मलाही पुस्तिका द्यावी लागेल का?

लागेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नाही आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. वर्कशॉप लहान की मोठं हे ते कलम विचारत नाही.

वापराच्या माहितीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयईसी/आयईईई ८२०७९-१. २०१२ च्या आवृत्तीनंतर ते २०१९ मध्ये सुधारून आलं. रंगाच्या डब्यापासून अख्ख्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना ते लागू पडतं. शेती यंत्रांच्या पुस्तिकेत काय आणि कसं लिहायचं यासाठी आयएसओ ३६००, आणि यंत्रावरच्या धोक्याच्या चित्रांसाठी आयएसओ ११६८४. ती विकत घेऊन वाचण्याआधीही तुम्ही सुरुवात करू शकता. चार पानं पुरतात: यंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, बसवणी आणि पट्ट्याची दिशा, फेरे किती, कोणत्या एचपीला, कुठे हात जाऊ शकतो त्याचं चित्र, माल अडकला तर काय करायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथे पहिलं वाक्य हेच असावं: “आधी ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, ड्रम पूर्ण थांबू द्या.”

एका वाक्यात एकच काम सांगा. इशारा कृतीच्या आधी लिहा, नंतर नाही. “योग्य ती काळजी घ्यावी” असलं वाक्य दिसलं की खोडून टाका. काळजी म्हणजे नेमकं काय ते लिहा. मग ती पानं यंत्र कधी न चालवलेल्या एका सालदाराच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे थांबेल, मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे तुमचं वाक्य चुकलेलं आहे. लोकांकडून वाचून घेऊन तपासा, हे मानकही सांगतं.

माझ्या मजुराला इजा झाली आणि पुस्तिका तर माझ्याकडे होती. जबाबदार कोण?

इथे बरेच जण फसतात. त्याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये उत्पादकाची सुटका आहे: वस्तू मालकाने कामाच्या जागी वापरायला घेतली असेल आणि सूचना मालकाला दिलेल्या असतील, तर सूचना न दिल्याचा ठपका उत्पादकावर येत नाही. म्हणजे पुस्तिका तुमच्या कपाटात पोचली की पुढचं ओझं तुमचं. फवारणीला माणूस लावताना लेबल त्याला वाचून दाखवा. नशेत यंत्र चालवलं असेल तरीही सूचनांबद्दलचा हा दावा टिकत नाही.

तक्रार कुठे करायची?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. बरंच काम तिथेच होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे चालतं आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. कंपनी गुजरातेत असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्जासोबत पक्की पावती लागते. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाचा दावा लढवणं फार जड जातं.

हे सगळे कागद किती दिवस सांभाळायचे?

औषधाचं पत्रक डबा संपेपर्यंत, आणि त्यानंतर त्या पिकाची काढणी होईपर्यंत. बियाण्याचा टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत, तक्रार असेल तर निकाल लागेपर्यंत. मोटारीचं कार्ड, प्लेटचा फोटो आणि सौर पंपाची कागदपत्रं वॉरंटीभर. सरकारी योजनेतल्या सौर पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते. यंत्राची पुस्तिका यंत्र आहे तोवर. यंत्र विकलंत तर ती घेणाऱ्याला द्या, आणि मधल्या काळात ट्रे कापला असेल, गार्ड काढलेला असेल, तर तेही त्याला सांगा.